नवशिक्याचा यंत्रमानव : सांगाडा व मोटर-नियंत्रक यांची निवड

अलीकडे गावोगावच्या माध्यमिक शाळांतून व तरुण मंडळांतून लहान यंत्रमानव तयार करण्याची आवड वाढत चालली आहे. २०१६ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली अनेक शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या, आणि ज्या शाळांना त्या मिळाल्या नाहीत तेथील विद्यार्थीही टपालाने सुटे भाग मागवून हा उद्योग करू लागले आहेत. यंत्रमानव हा शब्द कानी पडताच दोन हात, दोन पाय व डोके असलेली आकृती डोळ्यांपुढे येते. परंतु नवशिक्याचा यंत्रमानव म्हणजे बहुधा दोन मोटरींवर चालणारी, दिलेल्या हुकुमाप्रमाणे पुढे-मागे सरणारी व वळणारी, वीतभर लांबीची गाडी होय. म्हणून या लेखात तिला आपण गाडीच म्हणू.

या गाडीचे भाग विकत घ्यावयाचे पैसे बहुधा शेतकरी पालकाच्या खिशातून जातात. मुलगा अगर मुलगी आठवी-नववीत असते, चित्र पाहून एक संच मागविला जातो, गाडी घरातील शहाबादी फरशीवर चार दिवस उत्तम धावते, अंगणात मात्र रुतते, कोणीतरी तिला हाताने ढकलते, एक काळी चकती हात लावू नये इतकी तापते, आणि पुढे सर्व सामान माळ्यावर जाऊन पडते. गेलेल्या पैशापेक्षा मोठे नुकसान असे की, ‘हे आपले काम नव्हे’ अशी त्या मुलाची समजूत होऊन बसते. वस्तुतः दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. जमीन, सांगाडा, मोटर, नियंत्रक व विद्युतघट यांचा एकमेकांशी मेळ बसलेला नसतो, एवढेच. हा मेळ कसा पाहावा हे ग्रामकार्यकर्त्यांनी समजून घेतल्यास ते पालकांस चार शब्द सांगू शकतील.

प्रथम जमीन पाहावी

विक्रेता प्रथम सांगाडा दाखवितो, कारण दिसावयास तोच भाग मोठा व आकर्षक असतो. आपण मात्र बाजारातून आधी जू आणून मग त्याला साजेसे बैल शोधीत नाही. जमीन हलकी की भारी, औत कोणते ओढावयाचे, हे आधी ठरते. त्यावरून बैल, आणि बैलावरून जू व शिवळा. गाडीच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. ती कोठे चालणार, तिच्यावर किती वजन असणार, ते वजन ओढावयास कोणती मोटर लागेल, त्या मोटरीला कोणता नियंत्रक झेपेल, आणि सर्वांत शेवटी घट.

जमिनीमुळे सांगाडा कसा बदलतो याचे मोठे उदाहरण आपल्या देशाने जगास दाखविले आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले व त्यातून ‘प्रज्ञान’ ही २६ किलो वजनाची गाडी बाहेर आली. तिला सहा चाके असून ती अशा हलत्या दांड्यांवर बसविलेली होती की, एक चाक दगडावर चढले तरी बाकीची जमीन सोडीत नसत. तिचा वेग सेकंदास सुमारे एक सेंटिमीटर होता. उलटपक्षी, १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने ‘एल्मर’ व ‘एल्सी’ या नावांची जी दोन यंत्रकासवे तयार केली, त्यांना घराच्या जमिनीवर फिरावयाचे असल्याने तीन चाके व दोन मोटरी पुरेशा झाल्या. तीन चाकांची गाडी म्हणजे काहीतरी कमी प्रतीची, असे मानण्याचे कारण नाही.

नवशिक्याने पहिली गाडी फरशी, सारवलेले अंगण अगर चोपलेले खळे यांपुरतीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाफसा आल्यावाचून आपण शेतात औत घालीत नाही. तेथे या वीतभर गाडीने ओल्या काळ्या रानात चालावे ही अपेक्षाच चुकीची आहे. चिकण माती चाकांना लपेटली की चाक व माती यांचा एकच गोळा होतो.

सांगाड्याचे प्रकार

बाजारात सर्वांत अधिक मिळणारा सांगाडा म्हणजे ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी, तिच्याखाली दोन पिवळ्या दातेरी मोटरी, ६५ मिलिमीटर व्यासाची दोन चाके, आणि मागे अगर पुढे एक मोकळे फिरते चाक. दोन्ही मोटरी सारख्या फिरल्या की गाडी सरळ जाते. एक थांबली की वळते. दोन्ही उलटसुलट फिरल्या की जागच्या जागी गिरकी घेते. सुकाणूची वेगळी यंत्रणा लागत नाही. शिकावयास याहून सोयीची रचना नाही.

या सांगाड्याचे दोष मात्र माहीत असावेत. ॲक्रिलिक ठिसूळ असते. स्क्रू जोराने आवळला की भोकाजवळ तडा जातो; म्हणून स्क्रूखाली वायसर घालावा व तो बेताने आवळावा. मोटर पाटीच्या खाली असल्याने जमिनीपासून जेमतेम दोन सेंटिमीटर मोकळी जागा राहते. अंगणातील खडाही अडतो. मोकळ्या चाकाच्या जागी कित्येक संचांत लोखंडी गोळी असते. ती फरशीवर छान घरंगळते, पण धूळ व केस आत गेले की जाम होते. अंगणात चालवावयाची असेल तर गोळीऐवजी साधे रबरी फिरते चाक लावावे.

वजनाची मांडणीही महत्त्वाची आहे. बैलगाडीत ओझे आखाच्या फार मागे गेले की दांड्या उचलतात, फार पुढे आले की बैलांच्या मानेवर भार येतो. येथेही सर्वांत जड वस्तू, म्हणजे घटांची पेटी, चालत्या चाकांच्या आखाजवळ पण किंचित मोकळ्या चाकाकडे ठेवावी. मोकळ्या चाकावर अधिक भार गेला तर चालती चाके जागीच घसरतात.

पाटी विकतच घेतली पाहिजे असे नाही. सहा मिलिमीटर जाडीचे प्लायवुड गावच्या सुताराकडे मिळते, त्याला हवी तेथे भोके पाडता येतात, आणि तुटले तर दुसरे करता येते. ज्या मुलाने स्वतः पाटी आखून कापली, त्याला आख समांतर का असावे लागतात हे वेगळे शिकवावे लागत नाही.

चार मोटरींच्या सांगाड्याकडे मुले धाव घेतात. चार मोटरी म्हणजे दुप्पट जोर, असा हिशेब असतो. सरळ जाताना तो बराचसा खराही आहे. परंतु अशा गाडीची चाके वळत नाहीत. वळताना चारही चाके आडवी फरफटत जातात. त्या फरफटीतच पुष्कळ जोर खर्च होतो, मोटरी जास्त वीज ओढतात आणि घट लवकर बसतात. शिवाय एका बाजूच्या दोन मोटरी एकाच नियंत्रक-वाटेला जोडल्या जात असल्याने तिच्यावर दुप्पट भार येतो. दुसऱ्या गाडीसाठी हा प्रकार ठीक; पहिल्या गाडीसाठी नको. पट्ट्यांवर चालणारी, रणगाड्यासारखी गाडी दिसावयास डौलदार असते, परंतु तिच्या प्लास्टिकच्या पट्ट्यात खडा अडकला की पट्टा उतरतो. पायांनी चालणाऱ्या यंत्राचा तर येथे विचारच नको.

थोडा हिशेब

पिवळ्या मोटरीत ४८ फेऱ्यांचा एक फेरा करणारे दाते असतात. ती ३ ते ६ व्होल्टवर चालते. ६ व्होल्ट मिळाले असता चाक धरून थांबविण्यास सुमारे ०.८ किलो-सेंटिमीटर इतका जोर लागतो. म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या दांडीच्या टोकाशी ८०० ग्रॅम टांगले तर ती अडते. चाकाचा परीघ सुमारे २० सेंटिमीटर. मिनिटास १५० फेरे धरल्यास गाडी मिनिटात सुमारे ३० मीटर जाईल. हा वेग औताच्या बैलाच्या चालीपेक्षा थोडा कमीच आहे व नवशिक्यास पुरेसा आहे.

आता समजा, घटांसह गाडीचे वजन एक किलो आहे आणि ती पाच हातांस एक हात अशा चढावर चढवावयाची आहे. चढासाठी २०० ग्रॅम व खडबडीत जमिनीच्या विरोधासाठी १०० ग्रॅम, मिळून ३०० ग्रॅमचा रेटा लागेल. चाकाची त्रिज्या सव्वातीन सेंटिमीटर, म्हणून एकंदर सुमारे १ किलो-सेंटिमीटर, आणि प्रत्येक मोटरीवर अर्धा. म्हणजे मोटरीच्या शेवटच्या ताकदीच्या निम्म्याहून अधिक. बैलाला दिवसभर अशा ओढीवर ठेवले तर तो बसेल. तृतीयांशापर्यंत भार असावा, असा ढोबळ नियम ठेवल्यास मोटर टिकते. सपाट फरशीवर हीच गाडी मोटरीच्या ताकदीचा अगदी लहानसा भाग घेते. त्यामुळे फरशीवर सर्वच गाड्या चांगल्या वाटतात.

ज्याला पुढे-मागे ज्वारीच्या दोन ओळींतील ४५ सेंटिमीटर पट्ट्यातून गाडी न्यावयाची आहे, त्याने चाकांसह रुंदी तीस सेंटिमीटरच्या आत ठेवावी, आणि पिवळ्या मोटरी सोडून लोखंडी दात्यांच्या १२ व्होल्टच्या, मिनिटास शंभराच्या आसपास फेरे असणाऱ्या मोटरी व दहा सेंटिमीटर व्यासाची चाके घ्यावीत. वेग तोच राहतो, जोर व जमिनीपासूनची उंची वाढते.

नियंत्रक म्हणजे काय

विहिरीवरच्या मोटरीला आपण स्टार्टर बसवितो. स्टार्टर वीज निर्माण करीत नाही. ती केव्हा द्यावयाची, केव्हा तोडावयाची, एवढेच पाहतो. गाडीतील नियंत्रकाचे काम असेच, पण थोडे अधिक आहे. गाडीचा मेंदू म्हणून जो लहान संगणक-फलक वापरतात, उदाहरणार्थ आर्डुइनो उनो, त्याच्या एका टोकातून सुरक्षितपणे मिळणारी वीज २० मिलिअँपियर असते. पिवळी मोटर रिकामी फिरतानाही सुमारे १६० मिलिअँपियर ओढते. म्हणून मेंदूने हुकूम द्यावा व मोटरीला वीज घटांतून जावी, यासाठी मध्ये नियंत्रक लागतो. बाजारात त्याला ‘मोटर ड्रायव्हर’ म्हणतात.

त्याच्या पोटात प्रत्येक मोटरीसाठी चार कळी असतात. एका तिरक्या जोडीने मोटर सुलट फिरते, दुसऱ्या जोडीने उलट. वेग कमी करावयाचा असेल तर या कळी सेकंदास शेकडो वेळा बंद-चालू केल्या जातात. चालू काळ निम्मा ठेवला तर मोटरीला सरासरी निम्मी वीज मिळते. दोन मोटरी कधीच अगदी सारख्या नसतात, जसे जोडीतले दोन बैल नसतात. गाडी डावीकडे ओढू लागली तर उजव्या मोटरीचा चालू काळ किंचित कमी करून ती सरळ करता येते.

निवडीचा मुख्य मुद्दा आता येतो. मोटर अडली असता किती वीज ओढते, तो आकडा पाहून नियंत्रक घ्यावा. रिकामी फिरतानाचा आकडा पाहून नव्हे. पंपाच्या पात्यात काही अडकले की मोटर गुणगुणते व वाइंडिंग जळते, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. रिकामी असता १६० मिलिअँपियर घेणारी पिवळी मोटर ६ व्होल्टवर अडली की सुमारे दीड अँपियर घेते, म्हणजे नऊपटीहून जास्त. गाडी भिंतीला टेकली, चाकात दोरा गुंतला, की हा प्रसंग येतोच.

मोटरीवर हा आकडा लिहिलेला नसेल तर तो काढणे सोपे आहे. मल्टीमीटरने मोटरीच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार वेळा मोजावा व सर्वांत कमी आकडा घ्यावा. घटांचे व्होल्ट भागिले हा रोध, म्हणजे अडलेल्या मोटरीची वीज. ६ व्होल्ट व ४ ओहम असतील तर दीड अँपियर. गावातील वायरमनकडे मल्टीमीटर असतोच.

बाजारातील नियंत्रक

एल-२९३-डी हा जुना व स्वस्त नियंत्रक आहे. त्याची प्रत्येक वाट सतत ०.६ अँपियर व क्षणभर १.२ अँपियर झेलते. पिवळी मोटर अडल्यास दीड अँपियर मागते. म्हणजे हा कमी पडतो. फरशीपुरता चालेल, पण मी तो सुचविणार नाही.

एल-२९८-एन हा सर्वांत प्रसिद्ध. तांबड्या फलकावर काळी उभी तापशोषक पट्टी असलेला जो नियंत्रक जवळजवळ प्रत्येक संचात येतो, तो हाच. प्रत्येक वाटेला २ अँपियरपर्यंतची क्षमता आहे, तारा स्क्रूने आवळता येतात, डाग देण्याची गरज नाही, आणि चुका तो पुष्कळ सहन करतो. मग उणीव कोठे आहे? तो जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांचा असल्याने मोटरीपर्यंत वीज पोहोचेपर्यंत मधल्या मध्ये सुमारे २ व्होल्ट खाऊन टाकतो. नळाच्या मार्गात गाळ साचल्यावर शेवटच्या वाफ्याला पाणी कमी मिळावे, तसा हा प्रकार आहे. दीड व्होल्टचे चार नवे घट म्हणजे ६ व्होल्ट. त्यातून मोटरीला ४ उरतात. पुन्हा भारता येणारे १.२ व्होल्टचे चार घट असतील तर ४.८ मधून तीनही उरत नाहीत. वर आपण जो चढाचा हिशेब केला तो ६ व्होल्टचा होता; ४ व्होल्टवर मोटरीची शेवटची ताकदच अर्ध्या किलो-सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे गाडी त्या चढावर थांबणार. मुलगा मोटरीला दोष देतो, घट बदलतो, पण चोरी मधल्या फलकावर होत असते. खाल्लेल्या विजेची उष्णता होते. ती काळी पट्टी त्यासाठीच आहे. १२ व्होल्टच्या घटांवर व दोन अँपियरच्या आत राहणाऱ्या मोटरींना मात्र हाच नियंत्रक उपयोगी पडतो, कारण बारातून दोन गेले तरी दहा उरतात.

टीबी-६६१२ हा जपानी तोशिबा कंपनीचा नियंत्रक नव्या पद्धतीच्या कळींचा आहे. त्याच्या वाटेत सुमारे अर्धा ओहम रोध असतो. अर्धा अँपियर जाताना पाव व्होल्टच गळतो. सतत १.२ अँपियर व क्षणभर ३.२ अँपियर ही त्याची क्षमता दोन पिवळ्या मोटरींना शोभणारी आहे. मोटर अडली आणि ताबडतोब बंद केली तर तो तगतो. डीआरव्ही-८८३३ याच जातीचा असून २.७ ते १०.८ व्होल्टवर चालतो. सहा व्होल्टच्या लहान गाडीसाठी या दोहोंपैकी एक घ्यावा, अशी माझी शिफारस आहे. त्यांची अडचण अशी की, टोके बहुधा डाग देऊन जोडावी लागतात, आणि घटाच्या तारा उलट जोडल्या तर ते क्षणात जातात. ज्या शाळेत डाग देण्याची कावी नाही, तेथे गावातील रेडिओ-टीव्ही अगर मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडून पंधरा-सोळा टाके मारून घ्यावेत.

मोठ्या १२ व्होल्टच्या मोटरी अडल्यावर अनेक अँपियर मागतात. त्यांना वरीलपैकी काहीच पुरत नाही. तेथे बीटीएस-७९६० हा, प्रत्येक मोटरीस एक याप्रमाणे, घ्यावा लागतो. त्याच्या जाहिरातीत ४३ अँपियर असा आकडा छापलेला असतो. एवढ्याशा पट्टीवर सतत एवढी वीज वाहणे शक्य नाही. तो क्षणाचा आकडा आहे असे समजून त्याच्या चौथाईवर भरवसा ठेवावा. छापील आकड्यांबाबत हीच सावधगिरी सर्वत्र बाळगावी.

घट व जोडणी

९ व्होल्टचा चौकोनी घट मोटरींसाठी घेऊ नये. त्याचे व्होल्ट जास्त दिसतात, पण एकदम वीज देण्याची त्याची शक्ती फार कमी. दोन मोटरी लावताच तो बसतो. चार किंवा पाच भारता येणारे घट पहिल्या गाडीस उत्तम. लिथियमचे १८६५० मापाचे घट हलके व जोरदार असतात, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतात, आणि त्यांची दोन टोके चुकून जोडली गेल्यास आग लागते. असे घट वापरावयाचेच असतील तर संरक्षक फलकासह घ्यावेत, ३ व्होल्टखाली उतरू देऊ नयेत, आणि भारताना घरातील मोठ्या माणसाने जवळ असावे. रात्री भारत ठेवून झोपू नये. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले स्वस्त घट गवताच्या गंजीजवळ अगर कापसाच्या खोलीत कदापि ठेवू नयेत.

मेंदू व मोटरी यांना शक्यतो वेगळे घट द्यावेत, कारण मोटर सुरू होताना व्होल्ट खाली येतात व मेंदू मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. घट वेगळे असले तरी त्यांच्या उणे तारा नियंत्रकाच्या उणे टोकाशी एकत्र जोडल्या पाहिजेत. ही एक तार राहून जाते आणि दोन-दोन दिवस शोध चालतो. घटापासून येणाऱ्या अधिक तारेवर एक लहान फ्यूज व एक कळ असावी.

सर्व जोडणी झाल्यावर गाडी जमिनीवर ठेवण्यापूर्वी दोन विटांवर अशी ठेवावी की चाके अधांतरी राहतील. प्रत्येक मोटर सुलट व उलट अर्धा मिनिट चालवावी. मग एक चाक हाताने एक-दोन सेकंदच धरून सोडावे, कळ बंद करावी, आणि नियंत्रकाला बोट लावून पाहावे. कोमट लागला तर गाडी खाली उतरवावी. चटका बसला तर त्या मोटरीला हा नियंत्रक अपुरा आहे. तो बदलेपर्यंत गाडी अंगणात नेऊ नये.